बीपी मोजलं म्हणजे गोळी चिकटली?

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांतून फिरून आला. शेवटचा आमच्याच विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर, आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासणीची सूचना लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सार असं: पूर्वी शंभर अधिक वय इतकं बीपी नॉर्मल धरायचे, औषध कंपन्यांनी आकडा खाली ओढला. त्रास नसेल तर मोजायला जाऊच नका. एकदा मोजलं की गोळी चिकटते, मरेपर्यंत सुटत नाही आणि वर किडनी घेऊन जाते. त्यापेक्षा साधं मीठ सोडा, सैंधव खा. खाली दोन जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

मी त्या केंद्रात सिस्टर आहे. दंडाला पट्टा बांधायचं काम माझ्याकडे, म्हणून उत्तरही मीच देते.

आधी आकडा. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी ‘शंभर अधिक वय’ होतं, हे खोटं नाही. आकडे खाली आले हेही खरं. १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १६०/९५ होती, पुढे ती १४०/९० झाली. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ मध्ये १३०/८० केली, पण आपल्या सरकारी दवाखान्यांत आजही १४०/९० च धरतात. कंपन्यांच्या हातात सगळं असतं तर आपल्याकडेही तो एका रात्रीत उतरला असता, नाही का?

आणि आकडा उतरला तो कशामुळे, हे मेसेजवाला सांगत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट ६३ वर्षांचे होते. या हिशेबानं त्यांना १६३ पर्यंत मुभा. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा नोंदलेलं बीपी ३००/१९० होतं. ते चढतंय हे डॉक्टरांना वर्षभर आधीपासून दिसत होतं, पण हाताशी धड औषधच नव्हतं. औषधं आल्यावर त्यांची परीक्षाही झाली. तिथल्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या १४३ पुरुषांची पाहणी १९६७ मध्ये छापून आली. सगळ्यांचं खालचं बीपी ११५ ते १२९. साधारण निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. पोकळ गोळीवाल्यांपैकी २७ जणांवर मृत्यू किंवा तसाच गंभीर प्रसंग ओढवला, औषधवाल्यांत दोघांवर. आकडे खाली येत गेले ते अशा हिशेबांवरून.

‘त्रास नसेल तर जाऊ नका’ हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. आमच्या गेटवरचे एक काका आले, दोन जिने चढून, धापा टाकत, गालात तंबाखू. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “सिस्टर, कामून मोजायलाव? मला काई होईना.” स्वेटरची बाही वर सरकवून पट्टा बांधला तर १६८/१०४. हा आकडा मी खोडूनच टाकला. तंबाखू थुंकायला लावली, बाही पूर्ण काढली, लघवीला जाऊन यायला सांगितलं. मग अर्धा तास बसवलं: पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि बोलणं बंद. (बोलणं बंद करणं सगळ्यात अवघड. तेवढ्यात काकांना नातीचं लग्न आठवलं.) मग दोनदा मोजलं, १५२/९४ च्या आसपास. त्या दिवशी एकही गोळी दिली नाही. मीठ-तंबाखूचं सांगून आठवड्यानं आणि पुन्हा त्याच्या पुढच्या आठवड्यात बोलावलं. आकडा तिथंच राहिला, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिली.

मेसेजवाल्यानं मोजणं आणि गोळी एकात कालवलंय. मोजलेल्यांपैकी कितीतरी जण ‘सहा महिन्यांनी या’ एवढं ऐकून परत जातात. आणि काकांना काही होत नव्हतं हे अगदी खरं होतं. वाढलेलं बीपी बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. ते पहिल्यांदा बोलतं तेव्हा एक हात लुळा पडलेला असतो.

आता ‘सुटत नाही’. वजन उतरलं, मीठ घटलं की काहींचा डोस कमी होतो, एखाद्याची गोळी डॉक्टर बंदही करतात. बहुतेकांना मात्र ती कायम लागते, हे लपवायचं कारण नाही. पण त्याला सवय लागणं म्हणत नाहीत. कुंपण काढलं की रानडुकरं पुन्हा हरभऱ्यात शिरतात, तेव्हा शेताला कुंपणाची सवय लागली असं आपण म्हणतो का? त्रासही होतो काहींना. अम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीनं घोट्यांवर सूज येते, तर आम्हाला सांगा, गोळी बदलता येते. परस्पर सोडू नका. ही गोळी जुनी आणि स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिच्यावर कुणाचे बंगले उठत असतील असं वाटत नाही.

किडनीचं तर पार उलटं आहे. किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि न आवरलेलं बीपी. गंमत अशी की बीपीच्या गोळीला भिणारी माणसंच गुडघे दुखले की मेडिकलवरून डायक्लोफिनॅकची पट्टी आणून महिनोन्‌महिने खातात. दुखण्याच्या त्या गोळ्या किडनीला खरोखर बाधतात आणि बीपीही चढवतात. त्यांच्यावर कुणी मेसेज लिहीत नाही.

सैंधवाचं थोडक्यात: तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच. रंग गुलाबी, काम तेच, वर आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे ठेचा, लोणचं, खारोड्या आणि पापड मिळून ते दुपारच्या ताटातच संपत आलेलं असतं. पापडखारातही सोडियमच असतं, हे बायकांना सांगितलं की त्या माझ्याकडे रागानं बघतात.

गावाकडे असाल तर तिशी ओलांडलेल्यांचं बीपी आणि शुगर उपकेंद्रातही फुकट तपासतात. कॅम्पसवरच्यांनी आमच्याकडे यावं. मेसेज ज्यांनी ग्रुपवर टाकला त्यांचं बीपी मी अजून मोजलेलं नाही. त्यांनीही यावं, फक्त येण्याआधी अर्धा तास चहा नको.