पगार कुठून येतो, ते आधी सांगा

मे महिना लागला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "ताई, आम्हीही सगळं सोडून गावाला यायचं म्हणतोय. अर्ध्या एकरात भागेल का हो?" प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लांबलचक लिहिते. कंटाळा आला तर पुढे सरका, राग नाही.

भागतं. आमचं भागतंय. पण ते अर्ध्या एकरावर भागत नाही. ठाण्या-पुण्यातल्या काही छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं मी दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत बसून भरते आणि डोंबिवलीच्या फ्लॅटचं भाडं येतं, त्यावर आमचं भागतं. शेती आमचा खर्च कमी करते. कमाई करत नाही. एवढं एक वाक्य बोलायला लोकांची जीभ का अडखळते, मला कळत नाही.

हल्ली रोज एक रील दिसतं. आयटीतली नोकरी सोडली, मातीचं घर बांधलं, आता आम्ही स्वयंपूर्ण. मागे बासरी वाजतेय, पुढे केळीच्या पानावर नाचणीची भाकरी. या लोकांना माझा एकच प्रश्न असतो: मुलांच्या शाळेची फी, आरोग्य विम्याचा हप्ता आणि गाडीचं पेट्रोल यातल्या कशाला नाचणी चालते? पैसा कुठून तरी येत असतो. नवऱ्याचं वर्क फ्रॉम होम असतं, पंधरा वर्षांची बचत असते, सासऱ्यांचं पेन्शन असतं, नाहीतर हे रीलच असतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते लपवलं की बघणारा माणूस चुकीचं गणित मांडतो आणि राजीनामा देऊन मोकळा होतो.

आता माझं गणित बघा. घराखालच्या दहा गुंठ्यांत आम्ही भात लावतो. साल बरं गेलं तर साडेतीन क्विंटल भात होतं. 2025-26 च्या खरिपाला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे सगळं भात विकलं तर हातात आठ हजार तीनशे रुपयेसुद्धा येत नाहीत. पॉवर टिलरने चिखळणी, लावणीला आणि कापणीला गडी-बायका, त्यांचं दुपारचं जेवण, थोडं खत असं धरून सहा-सात हजार आधीच गेलेले असतात. दाढ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजण्यापासून मळणीपर्यंत नवरा राबला, त्याची मजुरी यात धरलेली नाही. तेच भात गिरणीत नेलं की सव्वादोन क्विंटलच्या आसपास तांदूळ पडतो. वाण्याकडे तसा तांदूळ पंचावन्न रुपये किलो धरला तर बारा हजारांच्या वर वाचले. विकलं तर जवळजवळ शून्य, खाल्लं तर पाच-सहा हजार पदरात. शिवाय कोंडा आणि पेंढा घरचा. घरापुरतं पिकवणं परवडतं ते एवढ्यासाठीच. शेतीवर घर चालवणं हा निराळा धंदा आहे, त्याला निराळी जमीन, निराळं भांडवल आणि निराळं काळीज लागतं.

"मग आंब्याची कलमं लावा ना!" हेही सांगणारे पुष्कळ. दहा बाय दहा मीटरवर लावली तर एकरात चाळीस कलमं बसतात आणि हाती काही लागायला पाच-सहा वर्षं जातात. मोठ्या बागा राखायला रत्नागिरीकडे नेपाळहून माणसं येतात, कारण गावात हात उरलेले नाहीत. आणि वारा? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने घुसलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. आम्ही नुकतेच स्थिरावलो होतो. आमची कौलं गेली आणि पंधरवडा उलटला तरी वीज आली नव्हती, पण लॅपटॉप सुरू झाल्यावर माझं काम सुरू झालं. शेजारच्या अण्णांची माडा-पोफळींची वाडी आडवी झाली. भरपाईचे पैसे आले ते बाग साफ करण्यातच गेले. आज लावलेला माड फळाला यायला सहा-सात वर्षं, आणि अण्णा तेव्हाच सत्तरीला टेकलेले. त्यांचं आणि आमचं वादळ एकच होतं असं मी कधीच म्हणणार नाही.

याच अण्णांचं एक वाक्य मला अजून बोचतं. एका दिवाळी अंकासाठी कुणीतरी आमचे फोटो काढून गेलं, तेव्हा गडग्यापलीकडून म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेती करताव तर पेपरात फोटो. माझा पोर करतोय तर त्याला पोरगी मिळत नाय." काय उत्तर देणार? त्यांचा मुलगा माझ्या नवऱ्यापेक्षा दसपट बरा शेतकरी आहे. रानडुकराची वाट पायांच्या ठशांवरून सांगतो आणि विहिरीचा झरा कुठल्या अंगाने आटतोय तेही. शेवटी तो गेल्या वर्षी विरारला एका गोदामात कामाला लागला. आम्ही इकडे आलो आणि तो तिकडे गेला, आणि दोन्हीचं कारण पगारच.

जमिनीबद्दल थोडं कडक बोलते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63. माझ्या माहेरी कुणाच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे माझ्या नावावर इथे काही घेता आलं नसतं. नवऱ्याचं नाव वडिलोपार्जित सातबाऱ्यावर होतं (सतरा नावांपैकी एक, त्यातले काही आता फोटोत), म्हणून शेजारचा तुकडा घेता आला. पुष्कळांना हा कायदा जाचक वाटतो. मला तो असावाच असं वाटतं. नाहीतर पुण्या-मुंबईच्या पैशापुढे कुठला कुणबी टिकला असता?

कायदा आहे म्हणून पळवाटही आहे. हायवेवर फलक बघा: पाच गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट, कुंपण, गेट, दहा फळझाडं मोफत. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. 2023 मध्ये रत्नागिरीसह बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही ते, बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे ठरलं. मग तुमचे पाच गुंठे कसे विकले जातात? एकाच सातबाऱ्यावर पाच-दहा अनोळखी माणसांची नावं सामाईक चढतात. पुढे एकाला विकायचं असतं, दुसरा अमेरिकेत असतो, तिसऱ्याचे वारस भांडत असतात. आमच्या गावच्या भाऊबंदकीला निदान रक्ताचं नातं तरी आहे, तुम्ही पैसे मोजून परक्यांशी भाऊबंदकी विकत घेताय. आणि ज्याने ती वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, विकली त्याचा मुलगा त्याच गेटवर वॉचमन म्हणून बसलेला मी पाहिलाय.

पाण्याचं सांगू? तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात आम्ही बादल्या मोजतो. जांभा पाणी धरत नाही, सगळं ओढ्याने समुद्राला जातं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वाडीने मिळून वनराई बंधारा घातला की विहिरीला महिनाभर जास्त पाणी राहतं. त्या कामाला यायचं, म्हणजे यायचंच. "आमची मीटिंग आहे" म्हणून जो येत नाही त्याचं नाव वाडीत पुढे दहा वर्षं निघतं.

आता कुणी म्हणेल, एवढं रडगाणं आहे तर परत जा की. नाही जाणार. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर टाकलेले कडवे वाल, त्याची बिरडी जानेवारीत खाऊन बघा, मग बोलू. एप्रिल-मे तर हाडं मोडणारा असतो आणि मला तोच सगळ्यात आवडतो. लाकूडफाटा आत घ्यायचा, कौलं चाळून घ्यायची, पडवीला पावसाच्या अंगाने आडोशाच्या झडी बांधायच्या, आणि मधेच कोकमं पिकतात. ती फोडायची, गर वेगळा काढून मीठ लावायचं, साली त्या रसात बुडवून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी गोळा करून परत रसात, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. बोटं जांभळी होतात आणि चिरा पडलेल्या जागी मीठ झोंबतं. अर्ध्या वाळवणावर वळीव आला की सगळी धावपळ, आणि तेव्हा शेजारच्या काकू न बोलावता स्वतःचं टाकून आमच्या अंगणात आलेल्या असतात. त्यांच्या घरी वाळवण असतं तेव्हा मी जाते, क्लायंटचा फोन वाजत असला तरी.

यायचंच असेल तर नोकरी सोडू नका, आधी ती इथून करता येते का बघा. आमच्या वाडीत रेंज फक्त मागच्या पडवीत येते आणि जुलैत तीही रुसते. जमीन तर पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. गावात कुलूपबंद घरं ढिगाने आहेत, मालक मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. घर राखाल, दिवा लावाल तर किरकोळ भाड्यात देतात. एक अख्खा पावसाळा काढा. भाताचे दहा गुंठेही कुणाचे तरी पडीक मिळतात करायला.

आमच्या बाजूचं एक घर सध्या रिकामं आहे, संडास-बाथरूम आत, विहीर सामाईक. खरंच यायचं असेल त्यांनी मेसेज करा, मालकांचा नंबर देते. जूनमध्ये येणार असाल तरच. मेमध्ये आंबे खायला येणाऱ्यांची यादी आधीच भरली आहे.