गिअरबॉक्स तीनदा उतरला, डोके एकदाही चालले नाही

मागच्या एप्रिलपासून या जूनपर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांत, माझ्या जुन्या डिझेल जीपचा गिअरबॉक्स तीन वेळा खाली उतरला. तिन्ही वेळा मजुरी माझ्या खिशातून गेली, आणि पहिल्या दोन वेळी माझ्या प्रत्येक प्रश्नावर एकच उत्तर तोंडावर फेकण्यात आले: "साहेब, फोर-बाय-फोर आहे ना, हिला असंच होणार." हे वाक्य पुन्हा कोणी उच्चारले तर माझ्या हातून काय होईल, याची मला खात्री देता येत नाही. इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जोडणारा-तोडणारा क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि क्लच झिजतो हे मला मान्य आहे, कारण झिजण्यासाठीच तो बनवलेला असतो. पण न वापरल्यामुळे गंजलेल्या डोक्यांचा खर्चही गिऱ्हाइकानेच का सोसावा, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

गुहागरच्या बाजूला आमची लहानशी बाग आहे. सडक सोडल्यावर बागेपर्यंतची चढण जांभ्याची असून पावसात तिचा लाल राडा होतो, म्हणून ही गाडी घेतली, मिरवण्यासाठी नव्हे. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन कराडला निघालो असताना कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकदम किंचाळू लागले. पाय दाबावा तसा आवाज चढत होता, गाडीचा वेग मात्र उतरत होता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर तो ओळखीचा जळका वास आत आला. पेडलही बरेच वर आल्याशिवाय गाडी उचलत नव्हते. क्लच घसरतो आहे हे सांगायला याहून जास्त पुरावा लागत नाही. हेळवाकपर्यंत मी रांगत पोहोचलो, पेट्या दुसऱ्या टेम्पोत चढवल्या आणि रिकामी गाडी जपून परत आणली.

चिपळुणातल्या ज्या गॅरेजात गाडी नेली, तिथल्या मुख्य मिस्त्रीने ती तपासली ती अशी: मागचा छोटा दांडा ओढून गाडी 'लो'मध्ये टाकली, आवारातल्या चढावर दोनदा पुढेमागे केली आणि जाहीर केले की क्लच ठणठणीत आहे, डिझेल फिल्टर बदला. मी फिल्टर बदलला. मूर्ख मीच. 'लो'मध्ये ट्रान्स्फर केस, म्हणजे गिअरबॉक्समागची पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी, चाकांकडे जाणारा जोर माझ्या गाडीत जवळजवळ अडीचपट करते, म्हणजे तोच चढ चढायला क्लचवर पडणारा भार तितक्याच पटीने कमी होतो; अशा स्थितीत मरायला टेकलेला क्लचसुद्धा शहाण्यासारखा वागतो. घसरणारा क्लच पकडायचा तर त्याच्यावर भार यायला हवा, आणि त्यासाठी गाडी 'हाय'मध्ये व वरच्या गिअरमध्ये असायला हवी. जो माणूस रोज फोर-बाय-फोरचे कारण पुढे करून मजुरी वाढवतो, त्याला त्या दांड्याचा अर्थच ठाऊक नसावा, याला काय म्हणावे?

शेवटी दोन दिवसांनी चाचणी मीच घेतली. सपाट जागा, चारही चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर, दांडा 'टू-हाय'मध्ये (म्हणजे जोर दोनच चाकांना, 'लो' नाही), चौथा गिअर, आणि मग क्लच हळूहळू पूर्ण सोडायचा. इंजिन तिथेच गचका खाऊन बंद पडले पाहिजे. माझे इंजिन जरासे दबले आणि मग निवांत चालूच राहिले, जणू गिअर टाकलेलाच नाही. ही चाचणी एकदाच करावी, कारण प्रत्येक वेळी प्लेट तापते. पण एकदा केली तरी दहा सेकंदांत उत्तर मिळते, तिला ना यंत्र लागते ना कॉम्प्युटर. मोबाइलवर घेतलेला तिचा व्हिडिओ दाखवल्यावर मिस्त्री म्हणाला, "मग क्लच गेलाच की!" जसे काही हे त्यानेच शोधून काढले होते.

आता मजुरीबद्दल. साध्या गाडीपेक्षा या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायला जास्त मेहनत पडते, हे मी नाकारत नाही. चाकांकडे जोर नेणारे पुढचा आणि मागचा असे दोन प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, दोन्ही दांडे काढायचे, स्पीडोमीटरची केबल आणि फोर-बाय-फोरच्या दिव्याची वायर सुटी करायची, खालचा क्रॉस मेंबर काढायचा आणि मग ट्रान्स्फर केससकट ते सगळे धूड जॅकवर तोलत मागे ओढायचे. दोन माणसांचा अख्खा दिवस यात जातो. म्हणून ९५०० रुपये मजुरी सांगितल्यावर मी हूं की चूं केले नाही. पण याच कारणासाठी, एवढी उस्तवार करून एकदा आत उजेड पडल्यावर, तिथे दिसणारी प्रत्येक वस्तू पाहून घेणे हा साधा व्यवहार नाही का? समोर क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते, तिच्यामागे क्लच प्लेट, मग इंजिनचे जड चाक म्हणजे फ्लायव्हील, फ्लायव्हीलच्या मधोमध गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे ते बोटाएवढे पायलट बेअरिंग, त्याच्याही मागे क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचे, ऑइल सील. यांतला एकही भाग वरून दिसत नाही आणि एकालाही हात लावायचा तर पुन्हा तीच सगळी उतरवाउतरव. आमच्या विद्वानाने नवी प्लेट घातली, बाकी सगळे जुनेच फडक्याने पुसले आणि संध्याकाळी गाडी बाहेर काढली. फ्लायव्हील सपाट करायला लेथवर दिले का, असे विचारले तर म्हणाला, "चालतंय की ते."

ते चार महिने चालले. ऑगस्टमध्ये गाडी जागेवरून उचलताना अशी थरथरू लागली की शेजारी बसलेल्या बायकोने विचारले, रस्ता खराब आहे की गाडी? आणि महिन्याअखेर क्लच पुन्हा घसरू लागला. या वेळी दुसरे गॅरेज, मोठे, फरशी घातलेले, बसायला खुर्च्या असलेले. त्यांनी गिअरबॉक्स उतरवल्यावर मी हट्टाने आत गेलो. चार महिन्यांची नवी प्लेट तेलाने काळी चकचकीत झाली होती. मागच्या वेळी जे सील कोणी पाहिले नव्हते, त्यातून इंजिनऑइल झिरपत थेट प्लेटवर उडत होते. काही शे रुपयांचे सील! क्लचभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या, तळाशी थेंब लोंबत होते. एप्रिलमध्ये नुसते बोट फिरवले असते तरी कळले असते, आणि बोटाचा वास घेतला असता तर तेल इंजिनचे की गिअरबॉक्सचे हेही कळले असते, कारण गिअरऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. एवढे दाखवून दिल्यावर या फरशीवाल्यांकडून मला काय ऐकायला मिळाले? "तुम्ही चिखलात चालवता ना, फोर-बाय-फोरला असंच होणार."

इथे माझा तोल सुटला, हे कबूल करतो. चिखलातून क्रँकचे सील गळत नाही. या गाड्यांचे क्लच लवकर जातात यात तथ्य असले तर ते वेगळे आहे: चारही चाकांनी जमीन घट्ट धरली की चाक जागच्या जागी फिरून सुटका करून घेत नाही, आणि मग जे घसरायचे ते क्लचमध्ये घसरते. त्यातून काही महाभाग 'हाय'मध्येच हाफ क्लचवर दगडधोंडे चढत राहतात आणि 'लो'चा दांडा वर्षानुवर्षे जसाच्या तसा ठेवतात, कारण तो ओढला की गाडीचा दर्जा कमी होतो असे त्यांना वाटत असावे. ओढ्याचे पाणी हाउसिंगमध्ये शिरून, गाडी आठवडाभर तशीच उभी राहिली, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, हेही खरे. या गोष्टी मला कोणी समजावून सांगितल्या असत्या तर मी चहा पाजला असता. परंतु 'असंच होणार' म्हणणे म्हणजे निदान नव्हे. तापाच्या रोग्याला वैद्याने 'माणूस आहात, ताप येणारच' म्हणून फी मागावी, तसला हा प्रकार.

असो. त्यांनी पूर्ण सेट बसवला, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती मोकळी करणारे रिलीज बेअरिंग, सीलही बदलले. फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळसर डाग मी स्वतः बोटाने दाखवले होते, तरी लेथवाला सुटीवर असल्याच्या सबबीवर ते पॉलिश पेपरने घासून परत चढवले. प्रोपेलर शाफ्ट सोडताना फ्लँजवर खुणा करायच्या असतात, म्हणजे ते होते त्याच जागी परत बसतात, हे तिथल्या पोरांना कोणी शिकवले नव्हते. परिणामी साठच्या वेगाला संपूर्ण गाडी गिरणीसारखी घरघरू लागली. आणि कळस म्हणजे जुने भाग मागितल्यावर जी प्लेट मला पिशवीत घालून देण्यात आली, तिच्या मधल्या दात्यांची संख्या माझ्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांशी जुळतच नव्हती. कोणाच्या गाडीची प्लेट मी घरी आणली आहे, देव जाणे. माळ्यावर पडली आहे, ज्याची असेल त्याने न्यावी.

पुढचे दहा महिने थरथर आणि घरघर सोबत घेऊन मी चालवली. क्लच दाबून गिअरमध्ये थांबलो की आत एक बारीक चिरका आवाज येई. फरशीवाले म्हणत, नवे रिलीज बेअरिंग आहे, बसेल हळूहळू. ते काही बसले नाही. या जूनमध्ये, बागेच्या वाटेवर चिखल व्हायच्या आत, कराडजवळच्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गाडी टाकली आणि कामावर रजा घेऊन दोन दिवस शेजारी उभा राहिलो. म्हातारा फारसे बोलत नव्हता. गिअरबॉक्स मागे सरकताच त्याने करंगळी घालून पायलट बेअरिंग फिरवून पाहिले आणि माझा हात धरून मलाही फिरवायला लावले. ते फिरतच नव्हते. आतले ग्रीस वाळून खडखडीत झाले होते, आणि गाडी घेतल्यापासून ते कोणीही बदललेले नव्हते. फ्लायव्हील त्याच दिवशी लेथवर गेले. प्रोपेलर पुन्हा जुळवले गेले. प्लेट मध्यावर आणायला त्याने खास दांडा वापरला, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने मोजून दिला. मी पहिल्या दोन ठिकाणी असले पाने भिंतीवर टांगलेले पाहिले होते. बहुधा शोभेसाठी असावेत.

पायलट बेअरिंग २८० रुपये. तेवढ्यासाठी मी तिसऱ्यांदा मजुरी भरली.

परत येताना ते आखडलेले बेअरिंग आणि तिन्ही बिले घेऊन मी मुद्दाम पहिल्या गॅरेजात गेलो. मालकाने बेअरिंग हातात घेतले, उजेडाकडे धरून पाहिले, दोनदा उलटेसुलटे केले, टेबलावर ठेवले आणि अत्यंत शांतपणे मला विचारले, "पण साहेब, हे बदलायला तुम्ही तेव्हा सांगितलं कुठं होतं?"