२२ हजारांत बेंगळुरू

मुंबईहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवायचं ठरलं की आधी एक पथ्य पाळा: एक्सेल उघडू नका. तिथे बेरीज आपोआप होते आणि ती बघून भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यापेक्षा घरात पडलेली एखादी आमंत्रणपत्रिका घ्या, तिच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने लिहा: ‘ट्रक २२,०००. रेल्वेची तिकिटं. इतर.’ ‘इतर’च्या पुढची जागा मोकळी सोडा. ती भरायला पुढे बरेच लोक येतात. आमची पत्रिका मावसभावाच्या मुलाच्या मुंजीची होती आणि तिच्यावर एवढी जागा होती की मला वाटलं, उरलेल्या भागात वाणसामानाची यादीही मावेल.

तारीख निवडताना हवामान खात्याला विचारात घ्या. त्यांच्या हिशेबाने मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. तुम्ही १२ जून धरा. आधी नको, कारण मे महिन्यात शाळांना सुट्ट्या म्हणून अख्खी मुंबई हलत असते आणि भाव चढलेले असतात. चार पैसे वाचतात. ते पुढे गादी पिळायला उपयोगी पडतात.

भाव काढणं अगदी सोपं. नेटवर ‘मोफत कोटेशन’ दिसलं की आपला मोबाइल नंबर टाका. चहाला उकळी फुटायच्या आत पहिला फोन येतो, कप हातात येईपर्यंत सातवा. आमच्याकडे ५१ हजारांपासून सुरुवात झाली. एकाने ३८ सांगितले. शेवटच्याने कसलेही आढेवेढे न घेता २२ सांगितले, वर ‘आप के लिए’ म्हणाला. ५१वाला लुटारू, ३८वाला संशयास्पद आणि २२वाला घरचा माणूस, हे कोणालाही कळेल. अशा माणसाला ऑफिसचा पत्ता विचारणं बरं दिसत नाही. कंपनीचं नाव ऐकल्यासारखं वाटतं ना? झालं तर. मूळ नावाच्या पुढे ‘न्यू’ आहे की मागे ‘ओरिजिनल’ आहे, याच्या खोलात जाऊ नका. जीएसटी क्रमांक तर मुळीच मागू नका. तो सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो, आणि मग नुकतंच जुळलेलं नातं तुटतं.

सर्व्हेला मुलगा येईल. त्याला हॉलमध्ये बसवा, पोहे द्या. तो नजरेनेच मोजतो: फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग, एक कपाट, सोफा, २५ खोकी. तो उठून स्वयंपाकघराकडे निघाला तर त्याला अजून पोहे द्या. कारण स्वयंपाकघरात मान वर केली की माळा दिसतो.

मुंबईत माळा म्हणजे मजलाही आणि पोटमाळाही. कोटेशनमध्ये पहिला माळा मोजतात. घोळ सगळा दुसऱ्या माळ्यात असतो. आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर २३ वर्षं राहिलो आणि त्या काळात माळ्यावर वस्तू चढत गेल्या, उतरली एकही नाही. कंपनीची चार पोरं सकाळी नऊला आली, अकरापर्यंत घर निम्मं आवरलं, आणि मग त्यांच्यातल्या सगळ्यात सडपातळ मुलाने माळ्याचा पडदा बाजूला केला. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग खाली बघून म्हणाला, ‘भाऊ, ये भी जाएगा?’

आई खालून म्हणाली, ‘सगळं जाईल.’

मग तो एकेक वस्तू खाली देत गेला. पाण्याचा तांब्याचा बंब, ज्याला जाळायला लाकूड लागतं आणि धूर जायला परसदार. पाळणा, सुटा केलेला, चार कड्यांपैकी तीन कड्यांसह. पुरणयंत्र. त्याच्या आधीचं पुरणयंत्र. मिठाईच्या रिकाम्या डब्यांची चळत, त्यात अजून बारीक डबे. गणपतीचं थर्माकोलचं मखर. २०१८ साली राज्यात असल्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून ते आमच्याकडे लपून आहे. आणि सगळ्यात शेवटी, दोन हातांत न मावणारा, जुन्या २९ इंची टीव्हीचा मूळ खोका. टीव्ही २०१४ मध्ये भंगारवाल्याकडे गेला. खोका ठेवला होता, कारण घर हलवताना टीव्ही त्याच्या मूळ खोक्यातूनच न्यावा, असं दुकानदाराने बजावलं होतं.

इथे एखादा व्यवहारी माणूस म्हणेल की बाबा रे, हे नेण्याचा खर्च आणि याची किंमत यांचा मेळ घाल. अशा माणसाला त्या दिवशी घरी बोलावू नका. बंबाचं तांबं मोडीत काढलं तर निदान काही हजार तरी येतात. बाकी सगळ्याचे मिळून भंगारवाल्याने ४०० सांगितले होते. ते सामान बेंगळुरूला न्यायचे ६,५०० झाले. आईला हा हिशेब ऐकवला तर ती म्हणाली, ‘म्हणजे ४०० रुपयांसाठी तू ते विकणार होतास?’ यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

विमा घ्याच. तीन टक्के, फक्त. सामानाची किंमत तुम्हीच जाहीर करायची असते, त्यामुळे इथे मन मोठं ठेवा. मी दोन लाख लिहिले. आमच्या सोफ्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ४० हजारांचा म्हणालं. सहा हजार रोख दिले, पावतीवर ‘इन्शुरन्स’ असा शिक्का बसला. विमा कंपनी कुठली, पॉलिसी क्रमांक काय, फुटलेल्या काचेला भरपाई आहे की फक्त ट्रक उलटला तरच, असले प्रश्न अविश्वासू लोक विचारतात.

सोसायटीत वर्दी द्या, पण आदल्या रात्रीच. सेक्रेटरींना नियम शोधायला वेळ मिळाला तर ते शोधतात. आमच्या लिफ्टमध्ये ‘सामान नेण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे आणि तिच्या खाली, दुसऱ्या अक्षरात, ‘परवानगीशिवाय’ असं लिहिलेलं आहे. या दोन ओळींमधल्या अंतराचे आमच्याकडे दीड हजार घेतात. ते मी हिशेबात धरलेलेच नाहीत, त्याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो.

मग कळतं की १७ फुटी ट्रक गल्लीत वळत नाही. ही गल्ली आदल्या आठवड्यात सर्व्हेच्या मुलाने चालत पार केली होती, पण चालणाऱ्याला १७ फूट कसे कळणार? ट्रक हमरस्त्यावर उभा, आणि सामान छोट्या हत्तीतून खेपा करून त्याच्यापर्यंत. याला शटलिंग म्हणतात, तीन हजार. दुसऱ्या खेपेला पाऊस आला. ताडपत्री होती, पण ती ट्रकवर होती. आमच्या कापसाच्या गाद्यांनी त्या दिवशी जे पाणी धरलं, ते बेंगळुरूला उतरवेपर्यंत सोडलं नाही.

आता मला स्वतःबद्दल अभिमान वाटतो ती गोष्ट. सगळं भरून झालं, ट्रकचं दार लागलं, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, ‘सर, एंट्री टॅक्स का ढाई हजार अलग से. नाके पे देना पडता है.’ तो ज्या नाक्याबद्दल बोलत होता, तो मुलुंडचा जकात नाका आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्याच्यापुढच्या ट्रकांच्या रांगेत माझी कित्येक वर्षांची संध्याकाळ गेली. जीएसटी आला आणि १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात बंद झाली, त्या आठवड्यात मी स्वतः बायकोला म्हणालो होतो, ‘बघ, आता ठाण्याला पंधरा मिनिटांत जाऊ.’ शिवाय घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, तोसुद्धा लागत नाही, हेही मी वाचून ठेवलं होतं. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने काय करावं? पैसे द्यावेत. सामान ट्रकमध्ये असतं आणि ट्रकची किल्ली त्याच्या खिशात. ज्ञानाचा उपयोग दार लागायच्या आधी होतो.

ट्रक निघाल्यावर निर्धास्त व्हा. रोज फोन करा, रोज ‘गाडी निकल गई है’ ऐकू येईल. हे खोटं नसतं. आमची गाडी निघाली आणि भिवंडीच्या गोदामात थांबली. बेंगळुरू हजारेक किलोमीटर. पाच दिवसांत आमचं सामान पंचवीसेक किलोमीटर गेलं, तेही भलत्याच दिशेला. पार्ट लोड, म्हणजे ट्रक भरायला अजून तीन बिऱ्हाडं मिळेपर्यंत मुक्काम. मग एकदाचा तो पुणे, सातारा, कोल्हापूर करत निघाला आणि पुढचे दोन दिवस ‘कोल्हापूर के आगे’ होता. कोल्हापूरच्या पुढे बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर एवढं सगळं आहे, त्यामुळे उत्तर चुकीचं म्हणता येत नाही.

तुम्ही स्वतः रेल्वेने जा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि ट्रकची तारीख दोन दिवस आधी कळते, त्यामुळे मधल्या काळात शांतपणे वेटिंग लिस्ट बघता येते. थर्ड एसीत माणशी ४० किलो सामान फुकट. आमचे तिघांचे १२०. हा नियम मी आईला सांगायला नको होता. तिने तो मर्यादा म्हणून ऐकलाच नाही, हक्क म्हणून ऐकला. तेल, लोणचं, रोपं, सिलिंडर पॅकर्सवाले घेत नाहीत. सिलिंडर आम्ही एजन्सीत जमा केला. बाकी सगळं उद्यान एक्स्प्रेसने आलं. देव आईच्या मांडीवर, तुळस खिडकीशी, कैरीच्या लोणच्याची बरणी माझ्या दोन पायांत. सोलापूरपर्यंत मला पाय आहेत हे आठवत होतं.

तिकडच्या डिपॉझिटची चिंता नको. बेंगळुरूत दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची जुनी परंपरा आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो आदर्श आहे, राज्यांनी स्वीकारला तर लागू. घरमालकाला हे जरूर ऐकवा. आमच्या घरमालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी दिली, आणि दुसरा भाडेकरू दुपारी येतोय असं सांगितलं. सहा महिन्यांवर मिटलं. गंमत अशी की हे पैसे तिथे आधी द्यायचे असतात आणि मुंबईत भाड्याने राहत असाल तर इथले किल्ली दिल्यावर मिळतात. मधल्या पंधरवड्यात आपले मित्र किती आणि कोण, हे समजतं. सोने पे सुहागा म्हणजे घर सोडताना तिथे एक महिन्याचं भाडं रंगकामाचं म्हणून कापतात, तुम्ही भिंतीला हात लावला असो वा नसो.

गाडी नेलीत तर उत्तमच. परराज्यात १२ महिन्यांच्या वर ठेवली की तिथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी इकडच्या आरटीओची एनओसी, तिकडे नव्याने रोड टॅक्स, मग इकडे उरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज. मी मुलुंडमध्येच गाडी विकली. हा एकच शहाणपणा माझ्या हातून झाला आणि तोही मेहुण्याच्या सांगण्यावरून, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही.

अखेरचा हिशेब असा. २२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३,९६० (पक्कं बिल अजून यायचंय), विमा ६,०००, शटलिंग ३,०००, माळा ६,५००, न भरलेल्या जकातीचे २,५००, चहापाणी १,०००. एकूण ४४,९६०. आमचा मेहुणा सगळ्यांना सांगत सुटलाय की खर्च दुप्पट झाला. चूक. दुप्पट म्हणजे ४४,०००.

सामान नवव्या दिवशी उतरलं. खोक्यांवर मीच मार्करने लिहिलं होतं: ‘स्वयंपाकघर’, ‘पुस्तकं’, ‘इतर’, ‘इतर २’, ‘इतर ९’. उतरवणाऱ्या पोरांना मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुस्तकं ओट्यावर गेली. एक खोका मात्र त्यांनी चौघांनी मिळून, पावलं मोजत आणला. त्यावर लाल अक्षरात काचेच्या पेल्याचं चित्र, चारी बाजूंनी बबल रॅप, त्याच्यावर थर्माकोलचे कोपरे, वर सुतळी. बायकोला वाटलं मिक्सर. मला वाटलं आरसा. अर्धा तास कात्रीने सोलत बसलो. आत टीव्हीचा मूळ खोका निघाला, रिकामा, एकही कोपरा न दुमडता हजार किलोमीटर आलेला.

आईने तो दोन्ही बाजूंनी तपासला, आणि नव्या घराच्या माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘आधी हा ठेव. परत हलवायची वेळ आली तर लागेल.’