१२ टेराफ्लॉप विरुद्ध १० टेराफ्लॉप: त्या फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्यात म्हणे मायक्रोसॉफ्टचा गेमिंग कन्सोल एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपचा (ग्राफिक्स चिप सेकंदाला किती लाख कोटी गणितं करू शकते त्याचं हे माप) आणि सोनीचा पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, १० चा, म्हणजे एक्सबॉक्सवर प्रत्येक गेम १८ टक्के फास्ट पळणार, विषय संपला. त्यात पीएस५ चे ते १० पण फुगवलेले, आपल्याकडच्या उन्हाळ्यात क्लॉक (चिपचा वेग) पडतो आणि ९ वर येतात. आणि शेवटी फुकटचा सल्ला, बजेट कमी असेल तर डोळे झाकून एक्सबॉक्सचीच स्वस्तातली सिरीज एस घ्या, तोच डबा आहे फक्त १४४०पी वाला (म्हणजे ४के पेक्षा कमी पिक्सेलचा). आता गंमत अशी की यातले बरेच आकडे खरे आहेत, पण त्यावरून काढलेला अर्थ कायच्या काय आहे.

पहिलं टेराफ्लॉपचं बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. हा आकडा गेम चालवून मोजलेला नसतो, सरळ गुणाकार असतो. सिरीज एक्समध्ये ५२ कम्प्युट युनिट (ग्राफिक्स चिपमधले गणित करणारे गट), एकेकात ६४ गणिती युनिटं, प्रत्येकाची एका ठोक्याला २ ऑपरेशन, आणि क्लॉक १.८२५ गिगाहर्ट्झ. गुणा सगळं, १२.१५ येतात. पीएस५ मध्ये ३६ कम्प्युट युनिट आणि क्लॉक २.२३ पर्यंत, म्हणून १०.२८. बास, यात मेमरी नाही, कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) नाही, काही नाही. दोन्ही कन्सोलच्या चिप ज्या एएमडी कंपनीच्या, तिचंच वेगा ६४ हे पीसीचं ग्राफिक्स कार्ड २०१७ चं, कागदावर १२.६६ टेराफ्लॉप, आणि त्याच एएमडीचं २०१९ चं आरएक्स ५७०० एक्सटी ९.७५ चं, तरी बहुतेक गेममध्ये दुसरंच पुढे असायचं. मग कुठे गेले ते जास्तीचे तीन टेराफ्लॉप?

यावर लगेच कुणीतरी म्हणणार की भाऊ, दोन्ही कन्सोल एकाच पिढीच्या आर्किटेक्चरवर (चिपच्या रचनेवर) आहेत, तो दाखला इथे चालत नाही. बरोबर आहे, अर्धं तरी. पण चिपमध्ये कम्प्युट युनिटं सोडूनही बराच कारभार असतो, त्रिकोणांचे पिक्सेल करणारा भाग, कॅश वगैरे, आणि हे सगळं त्याच क्लॉकवर पळतं. पीएस५ चा क्लॉक २२ टक्क्यांनी जास्त आहे, म्हणजे जिथे कामाचा भार या भागांवर येतो तिथे लहान आकड्यावाला मागे राहीलच असं नाही. मेमरीचंही तसंच, एक्सबॉक्सच्या १६ जीबीपैकी १० जीबी ५६० जीबी प्रति सेकंदाने चालते आणि उरलेली ६ फक्त ३३६ ने, पीएस५ ची सगळी १६ जीबी एकसारखी ४४८ ने. यात कोण जिंकलं ते गेम ठरवतो.

आणि गेमने ठरवलेलं आहेच की. २०२१ च्या जानेवारीत हिटमॅन ३ आला तेव्हा सिरीज एक्सवर तो पूर्ण ४के चालायचा आणि पीएस५ वर १८००पी, म्हणजे एक्सबॉक्स ४४ टक्के जास्त पिक्सेल काढत होता, ही त्याची ताकद मान्यच करायला पाहिजे, मेसेजवाला सांगतो त्या १८ टक्क्यांपेक्षाही कितीतरी जास्त. पण त्याच गेममध्ये मेंडोझाच्या द्राक्षमळ्याच्या लेव्हलला (आपल्या नाशिककरांना घरच्यासारखी वाटावी अशी) एका भागात एक्सबॉक्सचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) चाळिशीत घसरायचा आणि पीएस५ ६० धरून राहायची. एकाच गेममध्ये दोन्ही बाजूंचे पुरावे. "प्रत्येक गेम १८ टक्के फास्ट" यातला "प्रत्येक" हा शब्द तिथेच मेला.

म्हणजे टेराफ्लॉपला अर्थच नाही असं मी म्हणत नाहीये. २०१३ ला पीएस४ होती १.८४ ची आणि एक्सबॉक्स वन १.३१ चा, वर मेमरीही पीएस४ चीच भारी, तेव्हा बरेच गेम एकीकडे १०८०पी आणि दुसरीकडे ९००पी असं उघड दिसायचं. फरक ४० टक्के होता आणि बाकीच्या गोष्टीही एकाच बाजूला झुकलेल्या होत्या म्हणून दिसला. आणि हो, पीएसवाले पण काही कमी नाहीत, त्यांचा एसएसडीचा (गेम साठवायच्या ड्राइव्हचा) मेसेज असाच आहे, सेकंदाला ५.५ जीबी विरुद्ध २.४ म्हणून लोडिंग दुप्पट फास्ट. दोन्हीकडे येणाऱ्या गेममध्ये दुप्पट वगैरे काही दिसत नाही.

आता उन्हाळ्याचं, यावर मला खरंच राग येतो कारण हे ऐकून लोक एसी लावून गेम खेळतायत. पीएस५ चा क्लॉक खोलीच्या तापमानावर खालीवर होतच नाही. पीएस५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नीने मार्च २०२० मधल्या भाषणात नीट सांगितलेलं की चिपला पॉवरचं ठराविक बजेट दिलंय आणि चिप त्या क्षणी किती काम करतेय त्यावरून क्लॉक ठरतो, तापमानावरून नाही, म्हणजे सिडकोतल्या वरच्या मजल्यावरची आणि महाबळेश्वरची पीएस५ एकाच सीनला एकाच क्लॉकवर चालणार. पॉवर १० टक्के कमी करायची तर क्लॉक दोनेक टक्के खाली आणला की भागतं, हेही त्यानेच सांगितलंय. मग ९ कुठून आणले हे मेसेजवाल्यालाच विचारा.

उष्णतेचा त्रास होतो तो वेगळा. सोनी ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणते आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. मशीन फारच तापली तर स्क्रीनवर वॉर्निंग येते आणि ती बंद पडते, गुपचूप ९ टेराफ्लॉपची होत नाही. आणि तापते कशाने, तर टीव्ही युनिटच्या काचेच्या दारामागे कोंबून ठेवल्याने, मागून निघणारी गरम हवा तिथेच फिरत बसते. पीएस५ ची पांढरी साइड प्लेट स्क्रू न काढता सरकवून निघते, आत धूळ साठायला दोन भोकं दिलीत, तिथे व्हॅक्युमचं नळकांडं लावा. गंगापूर रोडला नवीन बांधकामाशेजारी राहात असाल तर जरा लवकर लवकर लावा.

सिरीज एसचा सल्ला मात्र सगळ्यात नुकसानीचा, कारण त्यात खरे पैसे जातात. प्रोसेसर जवळपास तोच आहे हे खरं, पण ग्राफिक्स ४ टेराफ्लॉप आणि मेमरी १६ ऐवजी १० जीबी. रिझोल्यूशन कमी केलं की पिक्सेलचं काम कमी होतं, मेमरीची गरज मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. बाल्डर्स गेट ३ पीएस५ वर सप्टेंबर २०२३ ला आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरात, का तर सिरीज एसवर स्प्लिट स्क्रीन (एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय) बसेना, शेवटी एसवर ते फीचर न देताच काढला. शिवाय डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे सेकंडहँड डिस्क घेऊन खेळून परत विकायची सोय गेली, आणि आपल्याकडे निम्मे लोक तेच करतात. गेमपासवरच (मायक्रोसॉफ्टच्या गेम वर्गणीवर) खेळायचं असेल, टीव्ही छोटा असेल तर एस मस्त आहे, जरूर घ्या, फक्त "तोच डबा" समजून नका घेऊ.

मेसेजच्या शेवटी ८के आणि १२० एफपीएसचंही (सेकंदाला १२० फ्रेम) काहीतरी आहे. ८के विसरा, तो शिक्का पीएस५ च्या खोक्यावर सुरुवातीला होता, नंतर सोनीनेच काढून टाकला. ४के वर १२० पाहिजे तर टीव्हीला एचडीएमआय २.१ (केबल जोडायच्या पोर्टची नवी आवृत्ती) लागतं, आणि बऱ्याच टीव्हींना चारपैकी एक-दोनच पोर्ट २.१ चे असतात, तेव्हा एमजी रोडला टीव्ही बघायला गेलात तर दुकानदाराला टीव्ही वळवायला लावा आणि कुठल्या पोर्टवर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.