विकी ठेवलं ते विचार करूनच: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, तेव्हाच उत्तर देणार होतो पण रागात लिहायला नको म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं असं, की आमच्या मराठी टायपिंगच्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) नको, कोडसोबत गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये हवं, विकीवर स्पॅम येतो, व्हर्जनशी मेळ राहत नाही. इथपर्यंत ठीक. पण "विकी म्हणजे हौशी लोकांचा खेळ" हे कशाला? आणि तेही नाव न टाकता?

हौशी कोण ते सांगतो. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड लेआउटच्या पानावर आम्ही "दऱ्या" टाइप करायला र, हलन्त, य असं लिहून ठेवलं होतं. त्याने "दर्या" उमटतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र! तिथे ऱ लागतो, शिफ्ट आणि जे, मग हलन्त, मग य. आम्हा प्रोग्रामर मंडळींपैकी एकाच्याही नजरेला हे आलं नाही. एका निवृत्त शिक्षिकेने पाहिलं, "संपादन" दाबलं, दुरुस्त केलं, झालं. गिटहबवरही (गिटमधले प्रोजेक्ट ठेवायची साइट) एडिटसाठी पेन्सिलचं बटण असतं हे मला माहीत आहे हो, पण त्यानंतर फोर्क (स्वतःची प्रत काढणं), कमिट (बदल नोंदवणं), पुल रिक्वेस्ट (तो बदल घ्या अशी विनंती) हे सगळं त्या बाईंना कोण समजावणार, तुम्ही येणार का?

आणि गिट मला माहीतच नाही असं जे सुचवलंत, तर आधीची 3 वर्षं आमचे डॉक्स गिटमध्येच होते. रिव्ह्यू मी एकटा करायचो, ऑफिसमधून आल्यावर, रात्री बारा-बारापर्यंत. त्या 3 वर्षांत कोड न लिहिणाऱ्या माणसाकडून एकही पुल रिक्वेस्ट आली नाही, चुका मात्र लोक व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट काढून पाठवायचे. आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं विकीसुद्धा मीडियाविकीवरच आहे, लिनक्सची दुसरी डिस्ट्रो (आवृत्ती) वापरणारेही अडलं की तेच उघडतात. तेही हौशीच म्हणायचे का?

स्पॅमचं मान्य, सुरुवातीला कोणालाही एडिट करू दिलं ती चूकच होती, आता अकाउंट लागतं. व्हर्जनचं म्हणाल तर आमचं रिलीज वर्षातून एकदा, पानावर वर व्हर्जन लिहितो, तेवढं पुरतं.

पुढच्या वेळी सूचना जरूर करा पण नावानिशी करा. आणि त्या पानाचा "इतिहास" एकदा उघडून बघा, बाईंनी त्यानंतर अजून किती ओळी सुधारल्यात ते दिसेल.