मोडीचं जर्नल काढायचंय? मग मूळ कागदाचं छायाचित्र छापा

गेल्या रविवारी सदाशिव पेठेत एका मित्राकडे आम्ही सातजण जमलो होतो. मोडी कागदपत्रांच्या अभ्यासाला वाहिलेलं एक संशोधन-जर्नल पुण्यातून काढायचं, असं मनात आहे. कल्पना उत्तम आहे आणि गरज तर फारच आहे. पण अडीच तासांतले दोन तास नाव काय ठेवायचं आणि सल्लागार मंडळावर कोणाकोणाला घ्यायचं, यातच गेले. घरी येताना मन खट्टू झालं. तिथे जे नीट मांडता आलं नाही, ते इथे लिहितोय.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक लेख तपासायला आला होता. लेखाचा सगळा डोलारा एका पत्रावर उभा होता. तारीख दिली होती छ (चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख) २० जमादिलावल, इहिदे सितैन मया व अलफ. म्हणजे शुहूर सन (मराठी कागदांत वापरायची जुनी कालगणना) ११६१. शुहूर वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००. लेखकाने हिशोब बरोबर केला होता: डिसेंबर १७६० ची अखेर. पानिपतच्या लढाईआधी अडीचएक आठवडे. त्यावरून लष्कराच्या पैशाच्या ओढाताणीबद्दल त्याने बराच मोठा निष्कर्ष काढला होता.

मला पत्राचा सूर खटकला. काही ठरवायच्या, पाठवायच्या गोष्टी त्यात नव्हत्याच. जे झालं ते निस्तरण्याची भाषा होती. मी मूळ कागदाचं छायाचित्र मागितलं. ते यायला तीन आठवडे लागले. मोठं करून पाहिलं तर महिन्याचं नाव नेमकं घडीवर आलेलं, शाई पसरलेली, अक्षर घाईचं. पण नीट पाहिल्यावर ते ‘लावल’ नव्हतं, ‘लाखर’ होतं. जमादिलाखर, म्हणजे जमादिलावलच्या पुढचा महिना. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला, म्हणजे ८ जमादिलाखरला. पत्र लढाईनंतर बारा दिवसांनी लिहिलेलं होतं! सगळा युक्तिवाद उलटला. लेखक प्रामाणिक होता. त्याने लेख मागे घेतला, पुन्हा लिहिला आणि आता तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झालाय.

छायाचित्र मागितलं नसतं तर ही चूक मला सापडली नसती. माझा हट्ट आहे तो एवढ्यासाठीच. आपल्या जर्नलमध्ये कागदाचं छायाचित्र, दफ्तराचं नाव आणि रुमालाचा, म्हणजे कागद बांधलेल्या कापडी गाठोड्याचा, क्रमांक यांच्याशिवाय एकही लेख छापायचा नाही. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात संपादित केले. तेव्हा प्रत्येक कागदाचा फोटो छापणं कुणाला परवडलं असतं? वाचकाला संपादकाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावाच लागायचा. आज तसं नाही. पुराभिलेखागाराची परवानगी रीतसर घ्यावी लागेल, वेळ लागेल, लागू दे.

बैठकीत सारखा एकच प्रश्न येत होता: यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य नियतकालिकांच्या यादीत कसं जायचं? यादीचं काय झालं, ते आपण पाहिलंय. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग तिच्या जागी यूजीसीचीच केअर यादी आली, तिचा कक्ष तर आपल्याच पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. यादीच्या आधाराने उभं राहिलेलं जर्नल यादीबरोबर पडतं. आयएसएसएनचंही, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख-क्रमांकाचंही, तसंच. तो दिल्लीहून विनाशुल्क मिळतो, जरूर घ्यावा, पण तो आठ आकडी क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे.

लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नोकरीच्या सुरुवातीला मी पैसे भरून एक लेख छापून घेतला होता. चार दिवसांत स्वीकारला, कुणी वाचलासुद्धा नाही. त्यात दोन ढळढळीत चुका होत्या. त्या अजून तशाच छापलेल्या आहेत आणि आजही मला त्याची लाज वाटते. छपाई परवडत नसेल तर फक्त ऑनलाइन काढू. ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी लेख त्यात व्यवस्थित बसतात. वर्षाला एकच अंक काढू, चारच लेख घेऊ, पण ठरलेल्या महिन्यात काढू.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या क्षेत्रात मोडी सफाईने वाचणारी माणसं थोडी. लेखकाचं नाव झाकलं तरी विषयावरून कोणाचा लेख ते कळतं. म्हणून नावं झाकायचीच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. पहिली दोन वर्षं संपादक मंडळातल्या कोणाचाही लेख घ्यायचा नाही, माझाही नाही. आणि तपासनीस निवडताना पदवी बघू नका. दफ्तरात वर्षानुवर्षं बसून रुमाल सोडणारी, बखरीपासून हिशोबाच्या फर्दांपर्यंत (सुट्या कागदांपर्यंत) काहीही समोर ठेवलं तरी वाचणारी माणसं पुण्यात आहेत. त्यांच्या नावापुढे डॉक्टर नाही, म्हणून त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही. जमादिलाखर त्यांनी माझ्या आधी वाचला असता.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. त्याआधी मला निदान दहा तपासनीसांची नावं हवी आहेत. वर्षाला दोन लेख, छायाचित्राशी अक्षर न् अक्षर ताडून वाचायची तयारी असेल तर मेसेज करा. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल आणि ते फेसबुकवर नसतील, तर त्यांना विचारून मला कळवा, मी घरी जाऊन भेटेन.