"जुनं सामान शेवटी महागच पडतं" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार, उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पाडकामातल्या दारा-फळ्यांनी दुकान सजवणं हे फोटोपुरतं फॅड आहे, तुम्ही स्वतः जुनी दारं कापून काउंटर करून घेतलात तर सुताराची मजुरीच नव्या काउंटरच्या वर गेली, आणि आता वाळवीची धास्ती आहे ती वेगळीच.

मजुरीचं शंभर टक्के मान्य. जुन्या मालात पैसा लाकडाला जातच नाही, तो जातो खिळे उपटायला, रंग काढायला आणि वाकलेलं सरळ करायला. आत राहिलेला एक खिळा रंधा मशीनच्या पात्याची वाट लावतो, म्हणून सुतार आधी मेटल डिटेक्टर फिरवतात आणि तरी कुरकुरतातच. पण दारं कापली कशाला हो? आधी ड्रॉइंग पक्कं करायचं आणि मग त्या मापात जुना माल कोंबायचा, इथेच सगळं गणित बिघडतं. आधी माल बघा, मोजा, मग ड्रॉइंग काढा. पॅनेलचं अख्खं दार आडवं करून काउंटरच्या दर्शनी बाजूला लावलं आणि वर नवीन टॉप टाकला तर करवतीला फारसं कामच उरत नाही. तेच दार फाडलं की सांधे, पॅनेल, गोलाई सगळं गेलं, हातात उरतात कुलपाच्या खाचा पडलेले आखूड तुकडे, आणि ते जोडत बसायची मजुरी तुम्ही भरलीत. मागच्या स्टोरेजला तर मीही सरळ प्लायच वापरायला सांगतो, तिथे कोण बघतंय.

आता वाळवी. जमिनीतून येणारी वाळवी ओल आणि मातीशी संपर्क असेल तरच टिकते, त्यामुळे कोरड्या दाराबरोबर ती येऊन दुकानभर पसरेल ही भीती जरा जास्तच आहे. खरी भानगड लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची, आणि कोरड्या लाकडात राहणारी वाळवीही असते. काउंटरखाली काळा कागद घालून काही दिवस ठेवा, त्यावर ताजी पावडर किंवा बारीक दाणे पडले तर आत कोणीतरी जिवंत आहे असं समजा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, कडेच्या फिकट भागाला लागते, तेवढा भाग आधीच छाटून टाकलेला बरा. बोरॉनचं औषध मारणार असाल तर उघड्या लाकडावरच, पॉलिश किंवा रंगावरून ते आत शिरतच नाही. लाकूड भट्टीत तापवून कीड मारायची सोय असेल तर आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या लाकडी पॅकिंगला जो नियम आहे तो सोपा आहे, गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं.

तुम्ही ज्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत ते मला जास्त काळजीचं वाटतं, रंग. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायची शक्यता बरीच असते, आणि तो कोरडाच सँडरने घासला की धूळ दुकानभर, गिऱ्हाइकांची लहान मुलं धरून सगळ्यांच्या नाकातोंडात. आधी टेस्ट करा, शिसं निघालं तर ओलं करून खरवडा, किंवा रंग घट्ट बसलेला असेल तर काढूच नका, वरून क्लिअर कोट मारून टाका.

विटांचंही असंच, चुन्यात बांधलेल्या असतील तर हातोडीच्या हलक्या ठोक्याने साफ होतात, सिमेंटमधल्या असतील तर सिमेंट निघायच्या आधी वीटच फुटते, त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका. आणि जुनी तुळई कितीही दणकट दिसली तरी स्ट्रक्चरल इंजिनियरने तपासल्याशिवाय तिच्यावर पोटमाळा टाकू नका, शोभेपुरती लावा.

फॅडचं म्हणाल तर, नव्या लाकडाला साखळीने बडवून "जुना लुक" विकतात त्याला मीही फॅडच म्हणतो. पण पूर्ण वाढलेल्या झाडाचं, वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड भंगारात जातंय आणि आपण नवीन फळी आणून तिला जुनी करतोय, हे मला पटत नाही. फक्त तो सुकलेपणाही गृहीत धरू नका, उघड्यावर पडलेला माल असेल तर जोडायच्या आधी काही आठवडे दुकानातच ठेवा, एसी लागल्यावर फटी पडायच्या त्या आधीच पडून जातील.

तुमच्याकडे अजून दोन दारं पडून आहेत असं लिहिलंय, ती मात्र कापू नका. रुंदी किती आहे ते कळवा, बिजागऱ्या शाबूत असतील तर ट्रायल रूमला तशीच बसतील.